कागद विकून विटा घेणारा माणूस: व्हिक्टोरिया थिएटरचा सौदा, १९१३

१९१३ साली न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरमालकाने आपला एक हक्क सुमारे दोन लाख डॉलरला विकला. थिएटर त्याच्याकडेच राहिलं. खुर्च्या, तिकिटाची खिडकी, गच्चीवरची बाग, सगळं जागच्या जागी. दोन वर्षांनी मात्र ते थिएटर बंद पडलं आणि त्या जागी सिनेमा आला.

मालकाचं नाव ऑस्कर हॅमरस्टाइन, थिएटरचं नाव व्हिक्टोरिया. हे नाव शोधलं की आधी त्याचा नातू समोर येतो, 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेचा गीतकार. तो वेगळा, त्याला आजोबांचं नाव मिळालं होतं. आपल्याला आजोबा हवेत: टोकदार दाढी, डोक्यावर उंच रेशमी टोपी, तोंडात चिरूट आणि डोक्यात कायम पुढच्या इमारतीचा नकाशा.

वरवर पाहिलं तर हा एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी बुडालेला धंदा वाटतो. मला तसं वाटत नाही. हा सौदा त्या माणसाच्या आजवरच्या चालीला इतका धरून होता, की त्याने वेगळं काही केलं असतं तरच नवल. म्हणून आकड्यांच्या आधी माणूस आणि त्याचा धंदा बघावा लागतो.

वही कोणाच्या टेबलावर

व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात आठ-नऊ आयटम. नकलाकार, कसरतपटू, गाणारी जोडी, शिकवलेली कुत्री, जादूगार, वीस मिनिटांचं प्रहसन. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण क्रम पक्का. पहिला आयटम मुका, म्हणजे कसरतीचा किंवा प्राण्यांचा, कारण लोक अजून अंधारात खुर्च्या चाचपडत असतात आणि तेव्हा बोललेलं वाया जातं. शेवटचाही बहुधा मुकाच, कारण घरी निघालेले लोक कोट-टोप्या गोळा करत असतात. शेवटून दुसरी जागा सगळ्यात मानाची, ती त्या आठवड्याच्या बड्या नावाची. दुपारी एक खेळ, रात्री एक. सोमवारी नवे आयटम.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट उलटी करून घ्यावी लागेल. आपल्याकडे नाटकवाले नाट्यगृहाच्या तारखांमागे धावतात. शनिवार-रविवारच्या तारखा ज्याच्या हातात, त्याला सगळे नमस्कार करतात. व्हॉडव्हिलमध्ये धावाधाव थिएटरची असे. आठवड्याला आठ आयटम धरले तरी वर्षाला चारशेच्या वर होतात. इतके आणायचे कुठून? बरं, नकलाकार शिकागोहून एका आठवड्यासाठी न्यूयॉर्कला येणार नाही, त्याला वाटेतल्या गावांतही काम हवं. म्हणजे चाळीस आठवड्यांचा पूर्ण फेरा आधीच बांधलेला हवा. ते एकट्यादुकट्या मालकाचं काम नव्हे. त्यासाठी मध्यवर्ती कचेरी लागते, आणि अशी कचेरी एकदा उभी राहिली की तारखांची वही जिच्या टेबलावर, तीच मालकांची मालक.

ही कचेरी म्हणजे युनायटेड बुकिंग ऑफिस. १९०६ मध्ये ती या रूपात आली. मागे दोन माणसं: बी. एफ. कीथ आणि एडवर्ड अल्बी. दोघेही सर्कशीच्या तंबूतून वर आलेले. कीथने १८८५ मध्ये बॉस्टनला सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारा खेळ सुरू केला, शिव्या आणि चावटपणा मंचावरून हाकलला, बायकामुलांना घेऊन येता येईल अशी थिएटरं बांधली आणि गबर झाला. अल्बी त्याचा उजवा हात, पुढे तर दोन्ही हात. या कचेरीमार्फत काम मिळालं की कलाकाराच्या पगारातून पाच टक्के कापले जात. आपला कलाकार आपल्यालाच पैसे देऊन आपल्याच थिएटरात काम करतो, यापेक्षा सुखाचा धंदा कोणता? विरोधी थिएटरात खेळ केलेल्याचं नाव काळ्या यादीत जाई, आणि काळी यादी म्हणजे देशभरातली चांगली थिएटरं बंद.

मोठमोठे मालक या कचेरीपुढे वाकले. ब्रुकलिन आणि न्यूयॉर्कमध्ये थिएटरांची माळ असलेला पर्सी विल्यम्स आधी कचेरीत सामील झाला आणि १९१२ मध्ये सगळी माळ कीथला विकून बाजूला झाला. हॅमरस्टाइनही सामील झाला, पण त्याने एक अट पदरात पाडून घेतली. टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात युनायटेडचे आयटम फक्त व्हिक्टोरियात होतील, दुसऱ्या कुठल्याही थिएटरला मिळणार नाहीत. नकाशावर मारलेली रेघ. तिला ना भिंत ना छप्पर, पण न्यूयॉर्कमधल्या सर्वात गर्दीच्या चौकावर त्या रेघेची मालकी एका माणसाची होती.

आपल्या प्रकरणाचा जीव या रेघेत आहे.

चिरुटाच्या यंत्रातून निघालेली थिएटरं

ऑस्कर हॅमरस्टाइन मूळचा प्रशियातल्या स्टेटिनचा. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. बापाने व्हायोलिन शिकायला लावलं, मुलगा तालीम टाळून बर्फावर घसरायला गेला, बापाने फोडून काढलं, मुलाने व्हायोलिन विकून जहाजाचं तिकीट काढलं. ही कहाणी तो स्वतः रंगवून सांगत असे, त्यामुळे तिच्यात थोडं मीठमसाला धरायला हरकत नाही. १८६४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. अमेरिकेत यादवी चालू होती, माणसं सैन्यात गेलेली, चिरुटाच्या कारखान्यात पोरांना काम मिळत होतं. तो झाडलोट करायला लागला.

पुढचं मात्र नोंदींत आहे. तंबाखूची पानं पसरणं, कापणं, साच्यात दाबणं या हातकामांसाठी त्याने एकामागून एक यंत्रं शोधली आणि डझनावारी पेटंटं घेतली. १८७४ मध्ये त्याने तंबाखू व्यापाऱ्यांसाठी एक नियतकालिकही काढलं. पैसा आला. दुसरा कुणी असता तर चिरुटाचा कारखानदार म्हणून सुखात मेला असता. याने पेटंटाच्या पैशातून हार्लेममध्ये घरं बांधली आणि १८८९ मध्ये १२५व्या रस्त्यावर हार्लेम ऑपेरा हाउस उभं केलं. तेव्हा हार्लेम शहराच्या टोकाला होतं. इतक्या लांब ऑपेरा ऐकायला कोण येणार, हा प्रश्न त्याला विचारणारे पुष्कळ होते. त्याने तो स्वतःला विचारला नाही.

ऑपेरा हे त्याचं व्यसन होतं, आणि 'व्यसन' हा शब्द मी विचार करून वापरतोय. पैसे मिळवायचे साधन एक, उधळायचं ठिकाण दुसरं. चिरुटातून मिळवायचं, ऑपेरात घालायचं. पुढे चिरुटाची जागा व्हॉडव्हिलने घेतली, एवढाच फरक. गडी स्वतः संगीतही लिहायचा. अठ्ठेचाळीस तासांत ऑपेरा लिहून दाखवतो अशी पैज लावून त्याने १८९३ मध्ये एक लिहिलाही. नाव 'कोहिनूर'. पैजेपुरता बरा होता.

१८९२ मध्ये त्याने ३४व्या रस्त्यावर पुन्हा एक ऑपेरा हाउस बांधलं. ते चालेना, तेव्हा कॉस्टर आणि बायल या दोन मद्यविक्रेत्यांशी भागीदारी करून त्याचं म्युझिक हॉल केलं. धंदा फळफळला आणि भागीदारी नासली. भागीदारांनी लावलेल्या एका गायिकेला हॅमरस्टाइनने स्वतःच्याच थिएटरात, बॉक्समध्ये बसून, हुर्यो केली. मारामारी झाली, पोलीस आले, कोर्ट झालं, आणि तो पैसे घेऊन वेगळा झाला. याच हॉलमध्ये २३ एप्रिल १८९६ रोजी एडिसनचा व्हिटास्कोप लागला. न्यूयॉर्कच्या थिएटरात पैसे देऊन बसलेल्या प्रेक्षकांनी पडद्यावर हलती चित्रं पाहिली ती तेव्हा. ज्या वस्तूने पुढे व्हॉडव्हिलचा घास घेतला, ती जणू याच्याच घरी जन्मली. तोवर घर त्याचं राहिलं नव्हतं.

वेगळं होऊन मिळालेला पैसा पुन्हा विटांत गेला. २५ नोव्हेंबर १८९५ ला ऑलिंपिया उघडलं, लॉंगेकर स्क्वेअरमध्ये. हाच चौक १९०४ मध्ये टाइम्स स्क्वेअर झाला. तेव्हा तिथे घोड्यांचे तबेले, बग्ग्यांची दुकानं आणि रात्री अंधार. एकाच इमारतीत म्युझिक हॉल, नाट्यगृह आणि गच्ची. उद्घाटनाला बसायच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेली, पावसाचिखलात लोकांनी दारं लोटली. तीन वर्षांत, १८९८ मध्ये, कर्ज देणाऱ्या विमा कंपनीने जप्ती आणली. मधल्या काळात त्याने पॅरिसहून महागडी गायिका इव्हेट गिल्बेर आणली, आणि मग धंदा बसायला लागल्यावर आयोवातल्या चेरी सिस्टर्स नावाच्या, वाईट गाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बहिणी आणल्या. चांगलं आणून पाहिलं, आता वाईट आणून बघू, असा हिशेब. लोकांनी भाज्या फेकल्या आणि खेळ जोरात चालला. हा धडा बापाने घेतला की नाही ठाऊक नाही, मुलाने नक्की घेतला.

विलीची दहा वर्षं

व्हिक्टोरिया हे दिवाळखोरीतून उभं राहिलेलं थिएटर. बेचाळिसावा रस्ता आणि सेव्हन्थ ॲव्हेन्यूचा कोपरा, जुन्या तबेल्यांची जागा. खिशात पैसे नव्हते म्हणून पाडकामातलं लाकूड-लोखंड, दुसऱ्या थिएटरातल्या उतरवलेल्या खुर्च्या, आगबोटीतून काढलेले गालिचे असं जमवून मार्च १८९९ मध्ये ते उघडलं. नाव व्हिक्टोरिया, राणीवरून नव्हे. वैऱ्यांवर मिळवलेल्या विजयावरून. शेजारी १९०० मध्ये त्याने रिपब्लिक नावाचं छोटं थिएटर बांधलं आणि दोन्हींच्या गच्च्या जोडून उन्हाळ्यासाठी पॅराडाइज रूफ गार्डन केलं. तिथे डच खेडं होतं, पवनचक्की होती आणि खरी गाय.

आधी नाटकं झाली. १९०४ मध्ये व्हिक्टोरियात व्हॉडव्हिल आलं आणि कारभार मधला मुलगा विली बघू लागला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात भुयारी रेल्वे सुरू झाली आणि टाइम्स स्क्वेअरचं स्टेशन जवळपास दाराशी आलं. दहा वर्षांपूर्वी ज्या ओसाड चौकात म्हातारा बुडाला होता, तिथे आता शहर स्वतः चालत आलं.

विलीला ऑपेराचं सोयरसुतक नव्हतं. त्याला वर्तमानपत्र वाचता येत होतं, आणि या धंद्यात तेवढं पुरे होतं. युनायटेडच्या वहीतून हूडिनीसारखे नावाजलेले आयटम येतच, पण विलीची खासियत निराळी. सकाळी ज्याचं नाव पहिल्या पानावर, तो पुढच्या सोमवारी व्हिक्टोरियात. १९११ मध्ये दोन तरुणींनी एका श्रीमंत हॉटेलमालकाच्या पायावर गोळ्या झाडल्या. खटला उभा राहायच्या आत त्या व्हिक्टोरियाच्या मंचावर होत्या. जाहिरात काय? 'शूटिंग स्टार्स'. गाता येतं का, नाचता येतं का, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

१९०७ मध्ये गच्चीवर 'सोबर सू' नावाची बाई आणून बसवली. हिला हसवेल त्याला हजार डॉलर. शहरातले नामांकित विनोदवीर आपापली अब्रू पणाला लावून तिच्यापुढे फुकटात खेळ करून गेले. ती हसली नाही. नंतर बाहेर आलं ते असं, की तिच्या चेहऱ्याचे स्नायूच लुळे होते, तिला हसताच येत नव्हतं. बक्षिसाची जोखीम शून्य आणि विनोदवीरांचा पगारही शून्य. क्रूर आहे हे, पण हिशेब बघा!

गच्चीबद्दलही एक गोष्ट सांगतात. वर जाणारी लिफ्ट विली मुद्दाम तापवून ठेवी. घामाघूम होऊन लोक गच्चीवर बाहेर पडले की म्हणत, वा, काय गार वारा आहे! आणि गच्चीवरच्या उष्णतामापकाखाली बर्फाची लादी.

या गल्ल्यावर बापाचा संसार चालला होता. ऑस्कर स्वतः व्हिक्टोरियाच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचा, पियानो, कागदांचे ढीग आणि चिरुटाच्या अर्धवट यंत्रांमध्ये. खाली मुलगा पैसे मोजतोय, वर बाप ते कुठल्या ऑपेरात घालायचे ते ठरवतोय. ३ डिसेंबर १९०६ रोजी त्याने ३४व्या रस्त्यावर नवं मॅनहॅटन ऑपेरा हाउस उघडलं आणि थेट मेट्रोपॉलिटन ऑपेराशी कुस्ती मांडली. कोट्यधीशांच्या पाठबळावर उभ्या असलेल्या संस्थेशी एक माणूस, व्हॉडव्हिलच्या गल्ल्यावर. आणि कुस्ती नावापुरती नव्हती. संगीत कांपानिनीच्या हाताखाली, गायला मेल्बा, तेत्रात्सिनी, मेरी गार्डन. दब्युसीचं 'पेलेआस आणि मेलिसांद' अमेरिकेत पहिल्यांदा झालं ते १९०८ मध्ये याच्याकडे. त्याच वर्षी त्याने फिलाडेल्फियातही ऑपेरा हाउस बांधलं, आणि ते ओझं मात्र उचललं गेलं नाही.

एप्रिल १९१० मध्ये मेट्रोपॉलिटनने त्याला बारा लाख डॉलर दिले. मेट्रोपॉलिटनच्या बाजूने बँकर ओटो कान, याच्या बाजूने मुलगा आर्थर. म्हातारा युरोपात. बदल्यात फिलाडेल्फियाचं थिएटर तर गेलंच, शिवाय सही झाली की न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि शिकागोत दहा वर्षं हॅमरस्टाइन ऑपेरा करणार नाही.

बारा लाख घेऊन माणूस घरी बसतो. हा लंडनला गेला आणि किंग्जवेवर ऑपेरा हाउस बांधलं. नोव्हेंबर १९११ मध्ये उघडलं, पुढच्या उन्हाळ्यात बंद. बड्या लोकांच्या जागा कॉव्हेंट गार्डन या लंडनच्या जुन्या ऑपेरा हाउसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या होत्या, ते उठून नव्या माणसाकडे कशाला येतील? तो न्यूयॉर्कला परतला तेव्हा हातात राहिलं होतं व्हिक्टोरिया, आणि ती रेघ.

पाच चौक पलीकडे

इकडे पश्चिमेकडून मार्टिन बेक येत होता. शिकागोपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ऑर्फियम थिएटरांची साखळी तो चालवत होता. पश्चिम त्याची, पूर्व कीथ-अल्बीची, अशी वाटणी होती. बेकला न्यूयॉर्क हवं होतं. त्याने ब्रॉडवे आणि ४७व्या रस्त्यापाशी पॅलेस बांधायला काढलं, व्हिक्टोरियापासून जेमतेम पाच चौक. इमारत देखणी. प्रश्न एकच, पण तो आधी सुचायला हवा होता: आत खेळ कोणाचा करणार? मोठे आयटम युनायटेडच्या वहीत. आणि या परिसरात ती वही हॅमरस्टाइनच्या परवानगीशिवाय उघडता येत नव्हती.

आता चार माणसं कुठे उभी आहेत ते पाहा. बेककडे इमारत आहे, आयटम नाहीत. अल्बीकडे आयटम आहेत, पण तिथे द्यायचा हक्क नाही. हॅमरस्टाइनकडे हक्क आहे आणि रोख पैसे नाहीत. विलीकडे रोजचा गल्ला आहे आणि सही करायचा अधिकार नाही, कारण थिएटर बापाचं.

अल्बीने सगळ्यांत थंड डोक्याने खेळ केला. हॅमरस्टाइनला सुमारे दोन लाख डॉलर देऊन रेघ विकत घेतली आणि ती रेघ पुढे करून बेककडून पॅलेसचा मोठा हिस्सा ताब्यात घेतला. म्हणजे पाया दुसऱ्याने खणला, भिंती दुसऱ्याने चढवल्या आणि एका कागदाच्या जोरावर घर अल्बीचं झालं. बेक आपल्याच थिएटरात धाकटा भागीदार होऊन बसला.

२४ मार्च १९१३ ला पॅलेस उघडलं. सुरुवात पडेल झाली. तिकीट महाग, कार्यक्रम फिका, पत्रकारांनी टर उडवली. पहिल्या कार्यक्रमात विनोदवीर एड विन होता, पण तेव्हा तो अजून मोठा झाला नव्हता. मे महिन्यात साठी ओलांडलेली साराह बर्नहार्ट फ्रेंचमध्ये उतारे सादर करायला आली आणि गर्दी लोटली. इंग्रजी व्हॉडव्हिलच्या नव्या देवळाला फ्रेंच शोकांतिकेने वाचवलं! त्यानंतर 'पॅलेसला खेळ केला' हे वाक्य कलाकार नावापुढे पदवीसारखं लावू लागले.

व्हिक्टोरिया लगेच कोसळलं नाही, आणि याचं कारण मला फार बोलकं वाटतं. मोठ्या आयटमवरचा पहिला हात आता पॅलेसचा, पण विलीचा खरा माल वहीत नव्हताच. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने एव्हलिन नेस्बिटला नाचायला आणलं. तिच्यापायी १९०६ मध्ये तिचा कोट्यधीश नवरा हॅरी थॉ याने वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइटला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर गोळ्या घातल्या होत्या. खेळ चालू असताना थॉ वेड्यांच्या इस्पितळातून पळाला. आता तो बायकोला मारायला येणार म्हणून शहरभर हवा, आणि व्हिक्टोरियाच्या खिडकीवर रांग. अशा आयटमला बुकिंग ऑफिस लागत नाही. विली लागतो.

१० जून १९१४ ला विली मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. चाळिशीही झाली नव्हती. त्याच वर्षी त्याचे भाऊ हॅरी आणि अब्राहमही गेले. एका वर्षात तीन मुलगे. चौघांत उरला आर्थर. या ओळीवर टीका करायला जागा नाही, पण धंद्यापुरतं बोलायचं तर हक्क आधीच विकला होता, आणि हक्काशिवाय थिएटर चालवू शकणारा एकुलता एक माणूस आता नव्हता.

विकायला नको होतं?

इथे तीन वाटा दिसतात. पहिली, नाही म्हणायचं. मग बेकची इमारत अडकून पडते आणि व्हिक्टोरियाचा मक्ता टिकतो. पण किती दिवस? वही अल्बीच्या टेबलावर आहे. चांगले आयटम उशिरा पाठवणं, ऐन वेळी कुणी 'आजारी' पडणं, हे सगळं त्याला करता आलं असतं. करार मोडावा लागला नसता, नुसता कंटाळवाणा करावा लागला असता. तरीही निदान विली असेपर्यंत हे झेपलं असतं असं मला वाटतं.

दुसरी वाट जे झालं ती, रोख घेणं.

तिसरी वाट अल्बीने स्वतः चालून दाखवली: रेघेच्या बदल्यात पॅलेसचा हिस्सा मागायचा. ज्या कागदाच्या बळावर अल्बीला बेककडून हिस्सा मिळाला, तोच कागद आधी हॅमरस्टाइनच्या खिशात होता. बेकशी थेट बोलणं त्याला शक्य होतं. पॅलेसमध्ये दिवसाला दोन खेळांचं अस्सल व्हॉडव्हिल १९३२ पर्यंत चाललं, म्हणजे जवळपास एकोणीस वर्षं. त्यातला छोटा तुकडा जरी असता तरी घरच्यांना पुरला असता.

मग त्याने तो का मागितला नाही? हिस्सा दरवर्षी थोडा थोडा देतो, आणि या माणसाला पैसे एकदम हवे असत, कारण पुढची इमारत डोक्यात तयार असे. शिवाय हक्क म्हणजे काय, हे तो चिरुटाच्या धंद्यात शिकला होता. पेटंट काढायचं, विकायचं, विटा घ्यायच्या, नवं पेटंट काढायचं. तिथे ते चाललं, कारण पुढचं पेटंट त्याच्याच डोक्यातून निघणार होतं. टाइम्स स्क्वेअर डोक्यातून निघत नाही. चौक एकच होता. मेट्रोपॉलिटनला विकलेली दहा वर्षंही तशीच, माणसाच्या साठीनंतर ती दुसऱ्यांदा मिळत नाहीत. तीनही वेळा त्याने एकच चाल खेळली, आणि ती फक्त पहिल्यांदा बरोबर होती.

अल्बीला उलट विटांचं प्रेम नव्हतं असं नाही. संगमरवर आणि झुंबरांवर तोही पाण्यासारखा पैसा ओती. पण त्याने कधी वही विकली नाही. निदान १९२८ पर्यंत नाही. त्या वर्षी जोसेफ केनेडी आणि सिनेमावाले आले, आणि अल्बी आपल्याच कंपनीत परका झाला. ते दुसरं प्रकरण आहे.

लेक्झिंग्टन

रेघेचे पैसे कुठे गेले हे सांगायला नकोच. लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५१व्या रस्त्यापाशी त्याने आणखी एक ऑपेरा हाउस बांधलं. दहा वर्षांचा करार अजून जिवंत होता. तो मोडीत निघेल असं त्याने धरलं, किंवा धरायचं ठरवलं. मेट्रोपॉलिटन कोर्टात गेली, मनाईहुकूम आला. एका हक्काच्या विक्रीतून आलेल्या पैशाने बांधलेली इमारत दुसऱ्या हक्काच्या विक्रीने कुलूपबंद झाली. १९१४ मध्ये लेक्झिंग्टन उघडलं ते सिनेमा दाखवत.

व्हिक्टोरिया १९१५ च्या वसंतात बंद झालं. आतून पोखरून तिथे रिआल्टो नावाचं सिनेमागृह केलं, एप्रिल १९१६ मध्ये ते उघडलं. नव्या चालकांनी रंगमंच ठेवलाच नाही. पडदा, वाद्यवृंद आणि खुर्च्या.

मेट्रोपॉलिटनच्या बारा लाखांनंतर हॅमरस्टाइनच्या मोडलेल्या ऑपेरा कंपनीतून शिकागोत नवी कंपनी उभी राहिली होती. वाद्यवृंदावर तोच कांपानिनी, गायला तीच मेरी गार्डन. जानेवारी १९१८ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कला मुक्कामाला आली आणि त्यांनी जागा घेतली ती लेक्झिंग्टनची. हॅमरस्टाइनची माणसं, हॅमरस्टाइनच्या इमारतीत, ऑपेरा करत होती, आणि त्या शहरात ऑपेरा करायला कायद्याने मनाई असलेला माणूस हॅमरस्टाइन होता.

करार एप्रिल १९२० मध्ये संपणार होता. १ ऑगस्ट १९१९ ला तो वारला.